पुरस्काराची दक्खिणा आणि सामाजिक कथेची कसोटी

२०२१ या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत मराठी साहित्यविश्वात तीन घटना घडल्या. जानेवारीत कवी यशवंत मनोहर यांनी विदर्भ साहित्य संघाचा 'जीवनव्रती' पुरस्कार नाकारला. समारंभाच्या मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार होती. ज्या व्यवस्थेने स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना ज्ञानापासून दूर ठेवले तिचे ते प्रतीक आहे, अशी त्यांची भूमिका होती. मार्चमध्ये साहित्य अकादमीने २०२० चा मराठी पुरस्कार नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीला जाहीर केला. समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे आणि काही वर्षांपासून आपण पुरस्कार घेणे थांबविले आहे, असे सांगून खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. त्याच महिन्याच्या अखेरीस के. के. बिर्ला फाउंडेशनचा २०२० चा 'सरस्वती सन्मान' शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन' या कादंबरीला जाहीर झाला. सन्मानाची रक्कम १५ लाख रुपये होती.

आपल्या वाचकांत यांपैकी दोन घटनांची चर्चा अधिक झाली. एका आंबेडकरी कवीने सरस्वतीच्या प्रतिमेमुळे पुरस्कार नाकारला आणि एका आंबेडकरी कादंबरीकाराने सरस्वतीच्या नावाचा सन्मान स्वीकारला. तेव्हा दोघांपैकी खरा आंबेडकरी कोण, असा प्रश्न आमच्याही समोर अनेकदा विचारला गेला. प्रश्न समजण्यासारखा आहे. तथापि आमच्या मते तो चुकीच्या जागी उभा आहे. स्वीकार आणि नकार यांवरून लेखकाची निष्ठा मोजली गेली, ग्रंथ मात्र बाजूलाच राहिला. लिंबाळे यांच्या बाबतीत तर सन्मान एका ग्रंथाचा होता. तो ग्रंथ कोणी वाचला, कसा वाचला आणि सन्मानानंतर त्याने मांडलेल्या प्रश्नाचे काय झाले, ही चौकशी फारशी झाली नाही. सामाजिक प्रश्नांवरील कथात्म साहित्याला मिळणाऱ्या पुरस्कारांचा विचार करताना हीच चौकशी प्रथम व्हावयास हवी, असे आम्हाला वाटते.

दान कोणाकडून शुद्ध होते?

मज्झिमनिकायात 'दक्खिणाविभंग' नावाचे एक सुत्त आहे. येथे 'दक्खिणा' म्हणजे पुरोहिताच्या हातावर ठेवली जाणारी दक्षिणा नव्हे, तर योग्य पात्राला श्रद्धेने दिलेले दान. महापजापती गोतमी स्वतः सूत कातून, स्वतः विणून तयार केलेली नवी वस्त्रे घेऊन भगवंतांकडे येते आणि ती त्यांनी स्वीकारावीत अशी विनंती करते. भगवंत तिला सांगतात की, ही वस्त्रे संघाला दे. संघाला दिल्याने माझाही सन्मान होईल आणि संघाचाही. ती तीन वेळा विनंती करते आणि तीनही वेळा तिला हेच उत्तर मिळते. पुढे या सुत्तात दानाच्या शुद्धीचे चार प्रकार सांगितले आहेत. काही दान देणाऱ्याकडून शुद्ध होते, घेणाऱ्याकडून नव्हे; काही घेणाऱ्याकडून शुद्ध होते, देणाऱ्याकडून नव्हे; काही कोणाकडूनच शुद्ध होत नाही; आणि काही दोघांकडूनही शुद्ध होते.

पुरस्कार हे शब्दशः दान नव्हे, याची आम्हाला जाणीव आहे. पुरस्कारात द्रव्याबरोबर एक निर्णयही दिला जातो: हा ग्रंथ इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे, असे देणारा जाहीर करतो. त्यामुळे येथे शुद्धीचा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. देणाऱ्याचे द्रव्य कोठून आले, हा एक भाग; त्याने ग्रंथ प्रामाणिकपणे वाचला काय, हा दुसरा. घेणाऱ्याच्या बाजूने पाहता, त्याच्या ग्रंथात सत्य किती आहे आणि सत्कारानंतर त्याची वाणी मोकळी राहते काय, हे पाहावे लागते. या चार प्रकारांचा उपयोग असा की, ते आपल्याला घाईने निकाल देऊ देत नाहीत. देणारा सदोष म्हणून घेणारा आपोआप सदोष ठरत नाही. आणि घेणारा थोर म्हणून देणाऱ्याचे दोष धुऊनही निघत नाहीत.

ग्रंथातील सत्याची कसोटी कोणती, याचे उत्तरही त्याच निकायातील अभयराजकुमार सुत्तात सापडते. तथागत अप्रिय बोलतात काय, असा कोंडीत पकडणारा प्रश्न घेऊन अभय राजकुमार येतो. त्याच्या मांडीवर एक लहान मूल असते. भगवंत विचारतात, या मुलाने तोंडात काटकी किंवा खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणतो, रक्त आले तरी मी तो बाहेर काढीन, कारण मला मुलाविषयी अनुकंपा आहे. मग भगवंत स्पष्ट करतात की, जे असत्य आहे ते तथागत बोलत नाहीत. जे सत्य असूनही हिताचे नाही तेही बोलत नाहीत. पण जे सत्य आणि हितकर आहे ते, अप्रिय असले तरी, योग्य वेळ जाणून बोलतात. दलित कथेच्या भाषेला शिवराळ, आक्रस्ताळी, प्रचारकी म्हणणाऱ्या समीक्षेला याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही. त्याचबरोबर हीच कसोटी आपल्या लेखकांनाही लागू आहे, हे विसरता येणार नाही. केवळ अप्रिय असणे पुरेसे नाही. ते सत्य आणि हितकरही असले पाहिजे.

'फकिरा' आणि बागुलांची कथा

या दोन कसोट्या हाती घेऊन मराठी कथात्म साहित्याकडे पाहू. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली, आणि १९६१ साली महाराष्ट्र शासनाने उत्कृष्ट कादंबरी म्हणून तिचा गौरव केला. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. मांग समाजातील एक तरुण दुष्काळात धान्य लुटून भुकेल्यांना वाटतो, हजेरीच्या जाचाविरुद्ध उभा राहतो आणि शेवटी आपल्या माणसांसाठी स्वतःला सत्तेच्या स्वाधीन करतो. अशा कथेचा नव्या राज्याने सन्मान करावा, ही घटना लहान नव्हती.

पण तो सन्मान नेमका कशाचा होता? फकिराला ब्रिटिश सत्तेशी झुंजणारा शूर वीर म्हणून वाचणे सोपे होते, कारण ती सत्ता १९४७ साली निघून गेली होती. फकिराला भुकेविरुद्ध आणि एका संपूर्ण जमातीला गुन्हेगार ठरविणाऱ्या दृष्टीविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणून वाचणे मात्र अवघड होते, कारण भूक आणि ती दृष्टी दोन्ही येथेच होत्या. 'फकिरा'च्या पराक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्यातील उपासमारीच्या चित्रणाचे वाङ्मयीन विवेचन त्या मानाने फार थोडे झाले. अण्णा भाऊंनी आयुष्याची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत काढली, आणि १८ जुलै १९६९ रोजी त्यांचा मृत्यू झाला तोही हलाखीतच. भारत सरकारने त्यांच्या सन्मानार्थ २००२ साली टपाल तिकीट काढले. पुरस्काराने ग्रंथ शासनाच्या यादीत गेला. ज्या जगण्यातून तो ग्रंथ आला होता ते जगणे आहे तेथेच राहिले.

बाबुराव बागुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला. शीर्षककथेतील रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परक्या गावी जात लपवून खोली मिळवितो; जात उघड होताच ज्यांनी प्रेमाने वागविले तेच त्याला मारहाण करतात; आणि काशिनाथ नावाचा त्याचा जातबांधव त्याला त्यातून सोडवितो. या कथेचे सामर्थ्य मारहाणीच्या वर्णनात नाही. मारणाऱ्या हातांच्या मागे शेकडो वर्षांची आज्ञा उभी आहे, हे मार खाणाऱ्याला दिसते, यात ते आहे. बागुलांच्या नायकाला शत्रू दिसतो तो व्यक्तीत नव्हे, विचारात. अभयराजकुमार सुत्ताच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे अप्रिय आहे, सत्य आहे, आणि द्वेषापाशी न थांबल्यामुळे हितकरही आहे.

१९७० साली बागुलांना महाराष्ट्र शासनाचा हरि नारायण आपटे पुरस्कार मिळाला. त्यांचा 'मरण स्वस्त होत आहे' हा संग्रह त्याच्या आदल्याच वर्षी आला होता. या पुरस्काराच्या नावात एक योगायोग आहे. ह. ना. आपट्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'काळ तर मोठा कठीण आला' या दीर्घकथेत दुष्काळात सापडलेल्या महार कुटुंबाचे चित्रण केले होते. ती कथा करुणेने लिहिलेली आहे, याबद्दल शंका नाही. परंतु आपट्यांच्या कथेतील महार कुटुंब दया मागते. बागुलांच्या कथेतील माणसे जाब विचारतात. पाऊणशे वर्षांत मराठी कथा कोठून कोठे आली, हे या एका पुरस्काराच्या निमित्ताने दाखविता आले असते. तशी संधी समीक्षेने कितपत घेतली, हा प्रश्न आहे.

साक्ष आणि कल्पना

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. अण्णा भाऊ आणि बागुल या दोघांपैकी कोणालाही साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला नाही. त्यानंतर १९८१ साली लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ला आणि १९८८ साली लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला तो लाभला. दोन्ही ग्रंथ निःसंशय मोठे आहेत. ज्या भटक्या-विमुक्त जमातींचे नावही साहित्यात नव्हते त्यांना त्यांनी वाणी दिली. परंतु दोन्ही आत्मकथनपर आहेत. व्यवस्थेने आपल्याकडून साक्ष मागितली आणि साक्षीचा गौरव केला. आपल्या कल्पनाशक्तीचा गौरव करताना मात्र तिचा हात आखडला, असे म्हणावेसे वाटते.

हा फरक महत्त्वाचा का, तर आत्मकथन 'हे माझ्या बाबतीत घडले' असे सांगते. वाचक हळहळतो आणि ते दुःख लेखकाच्या खाती जमा करून मोकळा होतो. कादंबरी 'हे असे घडते' असे सांगते. तिच्यात कार्यकारणभाव असतो. एका घटनेमुळे दुसरी घडते, एकाच्या तृष्णेमुळे दुसऱ्याच्या वाट्याला दुःख येते, आणि ही साखळी कोठे तोडता येईल हेही दिसू शकते. पटिच्चसमुप्पादाचा अभ्यास करणाऱ्या वाचकाला कथात्म साहित्याचे हे सामर्थ्य वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुःखाचे दर्शन हे पहिले आर्यसत्य; समुदयाचा शोध हे दुसरे. जी समीक्षा दलित लेखकाकडून केवळ पहिल्याची अपेक्षा करते, ती त्याला अर्धाच लेखक मानते. त्याच्या कादंबरीला 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून गौरविणे हा त्याच दृष्टीचा सभ्य प्रकार आहे. दस्तऐवज कपाटात ठेवतात. कादंबरीशी वाद घालावा लागतो.

एकाच सन्मानाची दोन रूपे

आता पुन्हा 'सरस्वती सन्माना'कडे वळू. हा सन्मान १९९३ साली विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान' या नाटकाला मिळाला होता, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. 'कन्यादान' ही कादंबरी नव्हे. परंतु तुलनेसाठी ते उपयोगी आहे. समाजवादी नेते नाथ देवळालीकर यांची कन्या ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करते, आणि तो तिला मारहाण करतो. १९८३ साली आलेल्या या नाटकावर आपल्या समाजातून तीव्र टीका झाली. तेंडुलकरांचे धैर्य आम्ही नाकारीत नाही. उच्चवर्णीय उदारमतवादाच्या भाबडेपणाची त्यांनी केलेली चिकित्साही मोलाची आहे. आमचा आक्षेप रचनेला आहे. नाटक घडते ते नाथांच्या घरात. ज्योतीच्या घराचा इतिहास प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. अरुणच्या घराचा इतिहास केवळ त्याच्या बोलण्यातून, तोही विखाराच्या स्वरूपात, कानी पडतो. ज्याच्या हिंसेचे दर्शन घडविले जाते पण जिच्या समुदयाचे दर्शन घडविले जात नाही, ते पात्र पाहता पाहता जातीचे प्रतिनिधी होऊन बसते.

२७ वर्षांनंतरचा तोच सन्मान 'सनातन'ला मिळाला. लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' हे आत्मकथन १९८४ साली आले होते, आणि 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' या ग्रंथात त्यांनी आपल्या साहित्यासाठी स्वतंत्र निकषांची मागणी केली होती. 'सनातन'मध्ये त्यांनी स्वतःच्या जीवनाची सीमा ओलांडून महार समाजाच्या इतिहासाला हात घातला. म्हणजे मघाशी ज्याचा उल्लेख केला ते साक्षीकडून कल्पनेकडे जाणे येथे घडले आहे, आणि ते अरुण आठवलेच्या घराच्या बाजूने घडले आहे. आमच्या दृष्टीने या कादंबरीचे महत्त्व प्रथम यात आहे.

शीर्षकाविषयीही बोलले पाहिजे. पालीत 'सनन्तन' हा शब्द येतो. धम्मपदाच्या आरंभीच्या एका गाथेत वैर वैराने शमत नाही, अवैरानेच शमते, हा आशय आहे, आणि या नियमाला 'सनन्तन' म्हटले आहे. जो शब्द भगवंतांनी अवैराला लावला तोच पुढे वर्णव्यवस्थेचे बिरुद झाला. लिंबाळे यांनी तो उपरोधाने वापरला आहे: येथे 'सनातन' आहे ते शोषण. हा उपरोध परिणामकारक आहे. परंतु बौद्ध वाचक म्हणून आमची एक अपेक्षा अपुरी राहते. शोषण सनातन नाही. ते कारणांनी उत्पन्न झाले आहे आणि म्हणून त्याचा निरोध शक्य आहे, हा बाबासाहेबांच्या विचाराचा गाभा. अत्याचारांच्या साखळीत एखादे कडे कसे तुटले, हे कादंबरीने अधिक सावकाशीने दाखवावयास हवे होते. इतिहासाचा पट मोठा असला की पात्रांना श्वास घेण्यास जागा कमी उरते, ही अडचण मराठीतील पुष्कळ ऐतिहासिक कादंबऱ्यांची आहे; 'सनातन'ही तिच्यापासून पूर्णपणे मुक्त नाही.

आमच्या या मताशी वाचकांचा मतभेद असू शकतो. तो असावा, हेच आम्हाला हवे आहे. लिंबाळे यांनी सरस्वतीच्या नावाचा सन्मान का घेतला, यावर जेवढे बोलले गेले त्याच्या एक दशांश जरी या कादंबरीच्या गुणदोषांवर बोलले गेले असते, तरी तो लेखकाचा खरा सन्मान झाला असता. एकाच सन्मानाने 'कन्यादान' आणि 'सनातन' यांचा गौरव केला, यावरून एवढे तरी निश्चित होते की अर्थ सन्मानाच्या नावातून येत नाही. ही दक्खिणा शुद्ध होणार असेल तर ती घेणाऱ्याच्या ग्रंथाकडून.

गळ आणि आमिष

म्हणून देणाऱ्याकडे दुर्लक्ष करावे, असे मात्र नाही. संयुत्तनिकायात लाभसक्कारसंयुत्त हा एक संपूर्ण विभाग लाभ, सत्कार आणि कीर्ती यांच्या धोक्याविषयी आहे. त्यातील उपमा बोलक्या आहेत. आमिषाच्या लोभाने गळ गिळणारा मासा आहे. दाट लोकरीची मेंढी काटेरी झुडपात शिरते आणि जागोजागी अडकते. शेणकिडा आपले पोट भरले आहे आणि पुढेही मोठा ढीग आहे म्हणून इतर किड्यांना तुच्छ लेखतो. तेथेच देवदत्ताची कथा आहे. अजातशत्रू सकाळ-संध्याकाळ ५०० रथांसह त्याच्या सेवेला जातो आणि ५०० पात्रे भरून अन्न पाठवितो. भिक्षू हे सांगतात तेव्हा भगवंत म्हणतात, या लाभाचा हेवा करू नका. त्याने देवदत्ताचे कुशल धर्म वाढणार नाहीत, घटतील.

राजाचे रथ आजही येतात, आणि आले तसे परतही जातात. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या ग्रंथाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार जाहीर केला आणि काही दिवसांतच तो रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून 'भुरा'चे लेखक शरद बाविस्कर आणि 'वैचारिक घुसळण'चे लेखक आनंद करंदीकर यांनी स्वतःला मिळालेले शासकीय पुरस्कार नाकारले. यांपैकी एकही ग्रंथ कादंबरी नाही. पण धडा सर्वांना लागू आहे. जो पुरस्कार परीक्षकांच्या निर्णयानंतरही काढून घेता येतो, त्याच्या आमिषाखाली गळ आहे हे उघड झाले. सामाजिक प्रश्नावर लिहिणाऱ्या कादंबरीकाराने पुढचे पान लिहिताना हा गळ आठवला आणि लेखणी थोडी आवरली, तर त्याची नोंद कोणत्याही शासननिर्णयात होणार नाही. नुकसान मात्र तेथेच होते.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमधील बुकर पुरस्कार ज्या बुकर मॅकॉनेल कंपनीने सुरू केला, तिचे वैभव कॅरिबियन प्रदेशातील, विशेषतः ब्रिटिश गियानातील, उसाच्या मळ्यांवर उभे होते. १९७२ साली 'जी.' या कादंबरीसाठी तो पुरस्कार मिळाल्यावर जॉन बर्जर यांनी समारंभातच या इतिहासाचा उच्चार केला. ५,००० पौंडांपैकी निम्मी रक्कम त्यांनी ब्रिटनमधील ब्लॅक पँथर चळवळीला दिली आणि उरलेली युरोपातील स्थलांतरित कामगारांवरील आपल्या ग्रंथाच्या कामासाठी ठेवली. तो ग्रंथ १९७५ साली प्रसिद्धही झाला. याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली होती. बर्जर यांनी पुरस्कार नाकारला नाही आणि मुकाट्याने घेतलाही नाही. त्यांनी तो घेतला, त्याचा उगम सांगितला आणि ज्यांच्या श्रमातून ते द्रव्य आले होते त्यांच्या दिशेने ते वळविले. चार प्रकारांपैकी दुसरा प्रकार, म्हणजे घेणाऱ्याकडून होणारी शुद्धी, याचे इतके स्पष्ट उदाहरण आधुनिक साहित्यात विरळाच.

मनोहर यांचा नकार आम्ही याच दृष्टीने पाहतो. २००४ च्या सुमारास उर्मिला पवार यांनी 'आयदान'ला मिळालेला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार, समारंभाचा आरंभ सरस्वतीवंदनाने होणार म्हणून नाकारला होता. या नकारांनी देणाऱ्याला प्रश्न विचारले. बर्जर यांच्या स्वीकारानेही विचारले. प्रश्न न विचारणारा स्वीकार आणि प्रश्न न विचारणारा नकार, दोन्ही सारखेच निष्फळ.

आपल्या घरातील कपाट

शेवटी स्वतःकडे पाहिले पाहिजे. टाळेबंदीनंतर विहारातील आमचा रविवारचा पाली वर्ग पुन्हा सुरू झाला. तेव्हा सूचनाफलकावर लिंबाळे यांच्या अभिनंदनाचे वर्तमानपत्रातील कात्रण अजून लावलेले होते. वर्गाला येणाऱ्या एका निवृत्त टपाल कर्मचाऱ्यांनी आम्हाला विचारले, "सर, कात्रण आहे, पण पुस्तक आपल्या कपाटात आहे का?" पुस्तक नव्हते. बागुलांचे होते, पण त्यावरील निर्गमन चिठ्ठीवर शेवटची तारीख काही वर्षांपूर्वीची होती. नकार की स्वीकार यावर तावातावाने बोलणाऱ्या आम्हा शिक्षकांपैकीही काहींनी 'सनातन' तोवर वाचलेली नव्हती, हे येथे कबूल करणे भाग आहे.

आपल्या संस्थाही पुरस्कार देतात. जयंतीच्या, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने शाल, स्मृतिचिन्ह आणि संविधानाची प्रत देऊन लेखकांचा गौरव होतो. भावना चांगली असते. परंतु परीक्षकांनी तो ग्रंथ का निवडला, इतर ग्रंथांपेक्षा त्यात काय अधिक आहे, त्याच्या उणिवा कोणत्या, यांविषयी एक पानही छापले जात नाही. प्रवेशिका मागविल्या जातात, प्रती जमा होतात, नावे जाहीर होतात आणि सभा संपते. ज्या दोषासाठी आपण अकादमीला आणि शासनाला जाब विचारतो, तो आपल्या सभागृहातही आहे.

यासाठी आम्ही तीन सूचना करतो. पहिली, कथा-कादंबरीला दिलेल्या प्रत्येक पुरस्कारासोबत परीक्षकांचे सविस्तर, सही केलेले परीक्षण प्रसिद्ध व्हावे, आणि त्यात गुणांबरोबर उणिवांचाही उल्लेख असावा. दुसरी, पुरस्काराच्या रकमेतील काही भाग त्या ग्रंथाच्या प्रती विकत घेऊन विहारांच्या आणि वसतिगृहांच्या ग्रंथालयांना देण्यासाठी राखून ठेवावा. तिसरी, वर्षावासात जेथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते, तेथे आठवड्यातून एक संध्याकाळ अशा एखाद्या कथेच्या वाचनाला आणि तिच्यावरील चर्चेला द्यावी. ज्यांच्याविषयी कथा लिहिली गेली त्यांनी तिच्याविषयी बोलावे, यापेक्षा मोठी परीक्षक समिती असू शकत नाही.

महापजापती गोतमीला भगवंतांनी नकार दिला, असा त्या सुत्ताचा अर्थ घेणे चूक ठरेल. तिने आपल्या हातांनी विणलेले वस्त्र एका व्यक्तीपुरते न राहता संघाचे व्हावे, एवढेच त्यांनी सुचविले. कादंबरीचा सन्मानही एका व्यक्तीच्या खांद्यावरील शालीपुरता राहिला तर तो लाभसत्कार होतो. वाचणाऱ्या समूहाचा झाला तर तो दक्खिणेच्या योग्यतेला पोहोचतो. आमच्या वर्गाने वर्गणी काढून 'सनातन'च्या दोन प्रती घेतल्या. त्यांवर पहिली चर्चा झाली तेव्हा कादंबरीच्या शेवटावरून दोन तास वाद चालला, आणि तो अजून मिटलेला नाही.